पितळी पाटी

पहिल्यांदा ती आली तेव्हा नदी गोठलेली होती
आणि माझ्या हाताला काम नव्हतं.
टेलेर्वो नीस्का. वय एकोणतीस, पायात भावाचे बूट.
म्हणाली, दारावर लावायला पाटी हवी.
नाव: काइकू. म्हणजे प्रतिध्वनी.
धंदा कसला, मी विचारलं.
जंगलात लाकूडतोड्यांना
एकमेकांशी बोलता येईल असा रेडिओ.
मी म्हटलं, आमच्या औलूचे लाकूडतोडे
एका बाकावर बसूनही बोलत नाहीत.
ती हसली नाही.
पैसे आगाऊ दिले, सगळी सुटी नाणी.

अडीच वर्षांनी तीच पाटी घेऊन पुन्हा दारात.
"मागची बाजू कोरी आहे ना?"
उलटून पाहिली. होती.

तिसऱ्या खेपेला कोरी बाजू उरली नव्हती.
म्हणाली, घास.
पितळ घासलं की एक वास सुटतो,
तो हातांना दोन दिवस पुरतो.
मी घासत होतो, ती स्टुलावर बसून सांगत होती
या वेळी का चालेल ते.
माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर
तिने बाण काढले, गोल काढले,
एका गोलात लिहिलं: लोक.
तो कागद मी अजून फाडलेला नाही.

आणि चाललं की!
फोनच्या इवल्या पडद्यावर अक्षरं नीट बसवायची
काहीतरी युक्ती होती,
स्वीडनच्या लोकांनी ती विकत घेतली.
पेपरात फोटो आला. बूट तिचे स्वतःचे होते.

चौथ्या कंपनीची पाटी तिने माझ्याकडून केली नाही.
हेलसिंकीहून ट्रकने अक्षरं आली,
माणसाहून उंच, आतून उजळणारी.
मला लागलं ते. लपवत नाही.
माझा भाचा आर्तुरी तिथेच नोकरीला होता,
घरी येऊन 'आमची कंपनी' म्हणायचा.
सव्वीस महिने.
मग चार महिने बिनपगारी, मग कुलूप.
अक्षरं उतरवण्याइतके पैसे कुणाकडे नव्हते.
गच्चीवरच्या ओच्या पोटात कुरव पक्ष्यांनी घरटं केलं.
त्यांचं मात्र बरं चाललं.

आर्तुरीचे पैसे आले सहा वर्षांनी,
साध्या पाकिटात, व्याजासकट, सोबत चिठ्ठी नाही.
तोवर तिचं घर विकून झालं होतं, होडीही.
आर्तुरीने पैसे घेतले.
त्याच्या बायकोने बाजारात तिला पाहून
अजून एकदाही मान हलवलेली नाही.
दोघांचंही बरोबर आहे असं मला वाटतं,
आणि असं वाटणं मला फारसं आवडत नाही.

पाचवीचं मला आठवत नाही.
सहावी रेनडिअरच्या गळ्यातल्या पट्ट्यांची:
जनावर कुठे चरतंय ते घरबसल्या कळायचं.
उत्तरेकडच्या एका कळपवाल्याने पट्टे परत आणून दिले.
म्हणाला, जनावर कुठे असतं ते मला ठाऊक आहे,
बॅटरी कुठे मिळते ते नाही.
ही गोष्ट तिनेच मला सांगितली,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.
अडतीस वर्षांत मी तिला हसताना पाहिलं
ते तेवढंच.

या शरदात पुन्हा आली. सदुसष्ट वर्षांची,
गुडघ्याला पट्टा, पाटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
पाटी आता इतकी पातळ
की बोटांनी दाबली तर वाकते.
मी म्हटलं, टेलेर्वो, आता घासता येणार नाही,
छिन्नी आरपार जाईल.
"मग हलक्या हाताने कोर."
माझा हात थरथरतो, ते तिला दिसत होतं.
नाव काय?
"अजून ठरायचंय. कळवते.
तेवढी चार भोकं आहेत तशीच ठेव,
दार जुनंच आहे."

ती गेल्यावर मी दुकान बंद केलं
आणि पाटी दिव्याखाली तिरपी धरली,
एखादं जुनं नाव कुठे दिसतंय का म्हणून.
काही नाही.
मी काम चोख करतो.